यंत्राचा हात आणि निवृत्तीची पुंजी

रुग्णसेवेचे शहर म्हणून चेन्नईची ख्याती जुनी आहे. तेथील सरकारी जनरल हॉस्पिटलचे मूळ 1664 मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेल्या छोट्या रुग्णालयात आहे. 1983 मध्ये अपोलो रुग्णालयाने खासगी सेवेचे नवे पर्व सुरू केले. आज याच शहरातील अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांत गुडघ्याचा सांधा बदलताना यंत्रमानवाचे, म्हणजेच रोबोटचे, साहाय्य घेतले जाते. जिना चढताना कठड्याचा आधार शोधणाऱ्या ज्येष्ठांना त्याचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. मात्र केवळ नावाला भुलून आयुष्यभराच्या बचतीला हात घालणे शहाणपणाचे नाही.

यंत्रमानव स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. काही प्रणालींत आधी सी. टी. स्कॅनवरून सांध्याची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. हाड किती व कोणत्या कोनात कापायचे, हे शल्यचिकित्सक ठरवतो. यंत्र त्याच्या हातातील करवतीला त्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे हाड आखणीनुसार अधिक अचूक कापले जाते, हा लाभ निर्विवाद आहे.

परंतु अचूक काप म्हणजे अधिक सुखाचे चालणे, असे समीकरण अद्याप सिद्ध झालेले नाही. दक्षिण कोरियातील एका चाचणीत रुग्णांचा किमान 10 वर्षे पाठपुरावा करण्यात आला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गुडघ्याचे कार्य वा कृत्रिम सांध्याचे आयुष्य यांत पारंपरिक व यंत्रसाहाय्यित पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्या चाचणीतील यंत्र जुन्या पिढीचे होते, हे खरे. पण नव्या यंत्रांनाही काळाची कसोटी द्यावीच लागेल.

खर्चाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. यंत्रवापराचे शुल्क मात्र तिच्या कक्षेत येत नाही. विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य विम्यातून यंत्रमानवी शस्त्रक्रिया सरसकट वगळण्यास मनाई केली, तरी विमा कंपनीला तिच्यासाठी उपमर्यादा ठेवण्याची मुभा दिली. 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत अशा आधुनिक उपचारांसाठी विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच भरपाई मिळते. शिवाय सांधेबदलासाठी अनेक पॉलिसींत प्रतीक्षाकाळ असतो.

म्हणून मुदत ठेव मोडण्यापूर्वी रुग्णाने व कुटुंबीयांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. शल्यचिकित्सकाने या पद्धतीने किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? यंत्रासाठी वेगळी किती रक्कम लागेल? विमा कंपनी त्यातील किती देईल? नंतरच्या व्यायामोपचाराची सोय काय आहे?

सांधा बदलल्यानंतर चालण्याचे बळ येते ते कुशल शल्यचिकित्सकामुळे आणि नियमित व्यायामामुळे. त्यांच्या जोडीला यंत्र परवडत असेल तर त्याचे स्वागतच करावे. परवडत नसेल तर आपण कमी प्रतीचा उपचार घेत आहोत, अशी खंत मुळीच बाळगू नये.