उकाड्याची सबब

मेळघाटातल्या बालमृत्यूंवर चर्चा सुरू झाली की अमरावतीच्या सभागृहात कुणीतरी हमखास विचारतं, ‘पोरं भुकेनं मरतात, त्यांना मच्छरदाण्या कसल्या वाटता?’ टाळ्या पडतात. 1993 पासून धारणी-चिखलदऱ्याची जी बातमी राज्यभर गेली ती कुपोषणाचीच होती, त्यामुळे हा सवाल बिनतोड वाटतो. तो तसा नाही. भूक आणि हिवताप वेगवेगळ्या फायलींत ठेवण्याची सोय कचेरीला आहे, मुलाच्या शरीराला नाही. हिवतापाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडूनच बाहेर पडतो. आधीच रक्त कमी असलेल्या दोन वर्षांच्या पोराला एका पावसाळ्यात दोनदा ताप आला की रक्त आणखी उतरतं, खाणं सुटतं, अंगणवाडीच्या काट्यावर वजन घसरतं. आपण नोंद करतो: कुपोषण. त्याच्या ताटात खिचडी वाढायलाच हवी, पण रात्री त्याला डासांपुढे उघडं टाकून ती अंगी लागायची कशी?

दुसरा आक्षेप खास वऱ्हाडी. ‘गरमीनं जीव घाबरते, मच्छरदाणीत कोन झोपते?’ अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो, तेव्हा या तक्रारीला हसण्यात अर्थ नाही. मात्र हिवतापाचा जोर मे महिन्यात नसतो. पाऊस पडून सिपना, गडगा या नद्या वाहू लागल्या आणि नाल्याकाठी डबकी साचली की तो चढतो. उन्हाळ्याची सबब पावसाळ्यात कशी चालेल?

मग औषधाची भीती. वाटल्या जाणाऱ्या या मच्छरदाण्यांच्या धाग्यात डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. डासाला ते मारतं. दाणीवर असतं तेवढ्या मात्रेत मुलाला धोका नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं तपासून सांगितलं आहे. नवी दाणी दिवसभर सावलीत टांगली की अंगाची चुरचुरही टळते. माशांना मात्र हे औषध घातकच, म्हणून ती नदीवर धुवायची नाही. घमेल्यात धुवायची आणि पाणी लांब ओतायचं. ही गोष्ट दाणी देतानाच सांगायची असते. साधी दाणी का नको, याचंही उत्तर इथंच आहे. झोपेत पोराचा हात जाळीला टेकला की साध्या दाणीतून डास चावतो. औषधाच्या दाणीवर टेकलेला डास बहुधा मरतो, म्हणजे शेजारच्या घरचाही एक डास कमी होतो.

आफ्रिकेतल्या चाचण्यांत अशा दाण्यांनी लहान मुलांचे मृत्यू सुमारे 17 टक्क्यांनी घटले. हा आकडा जसाच्या तसा धारणीला लावणं लबाडी ठरेल. तिथला डास वेगळा, रोगाचा जोरही वेगळा. पण ओडिशा तर आपलंच आहे. तिथं 2017 मध्ये एक कोटीहून अधिक दाण्या वाटल्या गेल्या आणि साडेतीन लाखांच्या आसपास असलेले रुग्ण पुढच्या वर्षी सत्तर हजारांच्या आत आले. श्रेय एकट्या दाणीचं नाही, गावोगावची तपासणी आणि उपचारही होते. दाणीला मात्र त्यातून वगळता येत नाही. काही डास या औषधाला दाद देईनासे झालेत हेही खरं; त्यासाठी पीबीओ हे जोडद्रव्य घातलेल्या दाण्या आल्या आहेत.

‘दाणीनं डेंग्यू थांबत नाही’ हे अकोलेकरांचं म्हणणं बव्हंशी बरोबर. नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी, म्हणून भरलेली पिंपं, आणि त्यांत वाढणारा एडिस डास दिवसा चावणारा. तिथं झाकण हवं. यावरून मेळघाटातली दाणी निकामी ठरवणं हा उगाचचा न्याय.

‘दिल्या तरी लोक वापरत नाहीत, मासे धरतात’ हा आरोप मला सर्वांत जास्त राग आणतो, कारण त्यात न वापरण्याचं कारण कुणी विचारत नाही. सात माणसांच्या कोरकू घरात एक दाणी दिली तर तिच्यात म्हातारा झोपेल की तान्हं? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब दोन माणसांमागे एक, असा आहे. बांबू-मातीच्या भिंतीत खिळा ठरत नाही, तर दोरी आणि खुंट्या कोण देणार? दिवाळीनंतर कामाला परगावी जाणाऱ्या कुटुंबाच्या बोचक्यात ती दाणी जाईल की नाही? मागणी एवढीच: दाण्या मृगाआधी पोचाव्यात, घरातल्या अंथरुणांच्या हिशोबानं, दोरीसकट, आणि आशाताईनं पंधरा दिवसांनी जाऊन पाहावं की पोर तिच्या आत झोपतंय का.