डबी मोठी की नाणं?

पूर्वीचे लोक बंदा रुपया हातात आला की दगडावर वाजवून घ्यायचे. खण्ण आवाज आला की रुपया खरा. आता काळ बदललाय. आता नाणं अमेरिकेतल्या एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या कंपनीकडे पाठवायचं. ते लोक तपासून त्याला १ ते ७० पैकी मार्क देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. ही मार्कांची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. थोडक्यात काय, तर नाण्यांचीसुद्धा युनिव्हर्सिटी आणि मार्कशीट!

आता तुम्ही म्हणाल, पालघर-बोईसरच्या पोरांना याचं काय? मित्रांनो, खूप आहे. आपल्या भागात कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात दोन-चार राणीछाप किंवा राजाछाप रुपये असतात. वर्षभर ते कपाटात, पुरचुंडीत. सेमिस्टरची फी भरायची वेळ आली, की त्या पुरचुंडीची आठवण होते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सराफाकडे देऊन टाका." दुसरा म्हणतो, "मोबाईलवर बघितलंय, लाखात जातात. आधी ग्रेडिंग करून घ्या." माझ्या मते दोघंही घाई करतायत.

आधी सराफाचं बघू. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर चक्क निकेलचा. सराफ मोड म्हणून घेतो तेव्हा फक्त ही चांदी मोजतो. नाण्यावरचं साल त्याच्या काट्यात बसत नाही. पण किंमत बऱ्याचदा सालातच असते! १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि तो रुपया मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. १९३९ चा रुपयाही असाच दुर्मिळ. असं नाणं मोडीत घालणं म्हणजे शुद्ध नुकसान.

मग सरसकट ग्रेडिंग करावं का? इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. समजा, फी, कुरियर आणि विमा धरून खर्च ५ हजार. नाणं ३ हजारांचं, उत्तम ग्रेड मिळाली तर ९ हजारांचं आणि तशी शक्यता चारात एक. अपेक्षित फायदा दीड हजार, खर्च ५ हजार. सौदा बुडीत! आता समजा, नाणं दुर्मिळ आहे. नुसतं दिलं तर खोट्याच्या भीतीने गिऱ्हाईक ६० हजार देतंय, खरेपणाचा शिक्का असेल तर एक लाख. शक्यता निम्मी धरली तरी फायदा २० हजार. इथे डबी परवडते. म्हणजे डबी किंमत निर्माण करत नाही, ती फक्त शंका दूर करते. जिथे शंकाच नाही किंवा किंमतच नाही, तिथे डबी म्हणजे भुर्दंड.

आणखी दोन अडचणी आहेत. एक म्हणजे पीतांबरी, चिंच लावून घासलेलं किंवा गळ्यातल्या माळेसाठी कडी डाखलेलं नाणं. अशा नाण्याला आकडी ग्रेड मिळत नाही, 'खराब केलेलं' असा शेरा मिळतो. दुसरी अडचण कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे आजीचा राणीछाप रुपया पाकिटात घालून अमेरिकेला धाडणं हा सरळ गुन्हा. हे सांगणारा व्हिडिओ मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

फॉरवर्ड होतात ते 'ट्रॅक्टरची नोट द्या, लाख घ्या' असले मेसेज. त्यात आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असले प्रकार चालतात, आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, असं खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. जो विकत घेणार तोच आधी पैसे मागतो, हे गणित पहिलीतल्या पोरालाही चुकीचं वाटेल.

मग करायचं काय? नाणं घासू नका. साल, टांकसाळीची खूण आणि वजन लिहून काढा. कॉलेजच्या लॅबमधला काटा आणि पाण्याचं बीकर घेऊन घनता काढा. ९१.७ टक्के चांदीची घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. आर्किमिडीजने फुकट दिलेली टेस्ट आहे, वापरा की! मग डहाणू लोकल पकडा आणि मुंबईत फोर्टला दोन-तीन जाणकारांना आणि लिलाववाल्यांना दाखवा. एकाच्याच शब्दावर जाऊ नका. तिघंही नाणं दुर्मिळ म्हणाले, तरच ग्रेडिंगचा विचार, तोही कायद्याच्या चौकटीत.

तारापूर एमआयडीसीतला कुठलाही कारखाना गोदामातला प्रत्येक बोल्ट बाहेरच्या लॅबला पाठवत नाही. जिथे गरज तिथेच टेस्ट. कारखान्याला कळतं ते आपल्याला का कळू नये? शिक्का बाहेरून विकत मिळतो, मित्रांनो. पारख आपल्यालाच कमवावी लागते.