झोपेच्या जागी शवासन

योग कुणाला साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगून ठेवलंय. फार खाणाऱ्याला साधत नाही, उपाशी राहणाऱ्याला साधत नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही आणि सारखं जागं राहणाऱ्यालाही साधत नाही. म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजातला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट एकदम दोन कलमांखाली बाद होतो. तो धड जेवलेला नसतो आणि झोपलेला तर नसतोच. तरी जून महिना आला की त्यालाच सतरंजीवर बसवून तणावमुक्तीसाठी श्वास मोजायला लावतात. वर हे सगळं परंपरेच्या नावाने.

मी मेडिसिनमध्ये एमडी केलं. त्या तीन वर्षांत अशी पाच-सहा सत्रं माझ्या वाट्याला आली. त्यातल्या एकाचा हिशेब सांगते. आदल्या दिवशी सकाळी आठला ड्यूटी सुरू झालेली. पावसाची सुरुवात होती, रात्रभर कॅज्युअल्टीतून सर्पदंशाचे, विषप्राशनाचे पेशंट वर येत होते. पहाटे ग्रुपवर मेसेज आला : सकाळी सात वाजता सभागृह, उपस्थिती अनिवार्य. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, मन लावून शिकवत होत्या. शवासन सुरू झालं आणि दोन मिनिटांत शेजारचा मुलगा घोरायला लागला. मग पलीकडच्या रांगेतून आणखी दोन आवाज. बाई हळूच म्हणाल्या, ‘झोपायचं नाही हं, सजग राहायचं.’ त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. शेवटी कुणीतरी जिओटॅगवाला फोटो काढला, तो कुठल्याशा पोर्टलवर चढला आणि आम्ही राउंडला पळालो. त्या दिवशी मी सुटले संध्याकाळी सहाला. एकूण ३४ तास.

भांडण त्या बाईंशी नाही, योगाशी तर मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तेव्हा त्यांना प्रश्न पडला होता की आसन-प्राणायाम करताना शरीरात नेमकं होतं काय. त्यांनी प्रयोगशाळा उभी केली, मोजमापं घेतली, ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ती छापली. योगाकडे असं बघणारा माणूस महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी काम करत होता. त्यांचीच कसोटी लावून विचारते : २४ तास जागलेल्या शरीरावर अर्धा तास प्राणायामाचा उपचार कुठल्या आजारासाठी आहे? आजार झोप न मिळण्याचा असेल, तर औषध झोप हेच आहे. पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसच्या पोरालाही हे उत्तर येईल.

आता ही झोप गेली कुठे ते बघू. १९९२ साली केंद्र सरकारने रेसिडेन्सीबाबत निर्देश काढले. त्यात आकडे होते : सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८ तास, आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी. ते कागदावरच राहिले, पण निदान बोट ठेवायला जागा होती. २०२३च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यात तासांचा आकडाच नाही. कामाचे तास ‘रास्त’ असावेत, विश्रांतीला ‘रास्त’ वेळ मिळावा, एवढंच. रास्त भाव दुकानातसुद्धा बाहेर फळ्यावर भाव लिहिलेला असतो हो.

मग २०२४मध्ये याच आयोगाच्या कृतिदलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. देशभरातल्या पाच हजारांहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन पाहणीत उत्तरं दिली होती. त्यातल्या सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं नोंदवलं. म्हणजे युनिटमध्ये सहा रेसिडेंट असतील, तर त्यातले जवळपास दोन. (तुम्ही त्यांतले असाल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. लाजू नका, लावा.) या अहवालाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तासांच्या झोपेची. ४८वरून ७४वर आलो आणि तीही शिफारसच. पण चला, आकडा तरी परत आला. प्रश्न असा आहे की योगसत्राला न गेल्याबद्दल मला खुलासा मागणारी नोटीस निघू शकते, तशी ७४वा तास ओलांडला म्हणून विभागप्रमुखाला निघाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

‘तणाव’ या शब्दातच मोठी सोय आहे. तो कुणी दिला हे सांगावं लागत नाही. ताप यावा तसा तो येतो आणि ज्याला आला त्याने तो उतरवायचा. मे २०१९मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. जळगाव जिल्ह्यातली, आदिवासी तडवी समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. तीन सिनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला, गुन्हा दाखल झाला, खटला उभा राहिला. अशा ठिकाणी ‘तणाव व्यवस्थापन’ हा शब्द उच्चारायलाही मला संकोच वाटतो. दरवाजाला बाहेरून कडी आहे आणि आतल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगतोय आपण.

योगाने काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. थोडा पडतो. २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा एकत्रित आढावा छापून आला. एकेका डॉक्टरला ध्यान वगैरे शिकवण्याच्या उपायांपेक्षा संस्थेने कामाची रचना बदलण्याच्या उपायांनी जास्त फरक पडलेला दिसला. आणि झोपेचं म्हणाल, तर २००४मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातला प्रयोग प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या इंटर्न डॉक्टरांच्या २४ तासांहून लांब पाळ्या काढून टाकून बघितलं. लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. त्या चुका पेशंटवर होतात. तुमच्या आजीवर, तुमच्या बाळावर.

यावर सिनिअर मंडळींचं एक ठरलेलं उत्तर आहे : ‘आम्ही पण असंच शिकलो.’ सर, शिकलात, मान्य. पण तेव्हा किती पेशंटना जास्तीचा डोस गेला, याची नोंद कुणी ठेवली होती का? दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. माणसं नाहीत. ओपीडीत बाकांवर जागा उरत नाही, पदं रिक्त आहेत, रेसिडेंट आठ तासांनी घरी गेला तर वॉर्ड कोण बघणार? हे खरं आहे आणि म्हणूनच याचं उत्तर भरतीच्या जाहिरातीत आहे. प्राध्यापकांची, वैद्यकीय अधिकाऱ्यांची, नर्सेसची रिकामी पदं भरायला पैसे लागतात, सतरंज्या अंथरायला लागत नाहीत. योगसत्र स्वस्त पडतं, एवढाच त्याचा प्रशासकीय गुण.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट लांबलचक पाळ्यांवर होते. वडील पत्रकार, त्यांनी विषय सोडला नाही. १९८९मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा आली. ८० तास म्हणजे काही स्वर्ग नव्हे, आणि नियम मोडलेही गेले. पण तिथे एका बापाने रोस्टरकडे बोट दाखवलं. आपल्याकडे नातेवाईक चिडले की समोर दिसणाऱ्या रेसिडेंटच्या कॉलरला हात घालतात. रोस्टर लिहिणारा त्यांना दिसत नाही.

म्हणून तो दिसला पाहिजे, एवढी माझी मागणी आहे. प्रत्येक विभागाचं ड्यूटीचं वेळापत्रक वॉर्डाबाहेर लावा, पेशंटच्या नातेवाइकांना वाचता येईल अशा मराठीत : आत्ता ड्यूटीवर असलेले डॉक्टर किती वाजल्यापासून जागे आहेत. महिन्याला प्रत्यक्ष भरलेले तास कॉलेजच्या वेबसाइटवर टाका, रेसिडेंटच्या सहीने. जिओटॅगवाले फोटो आवडत असतील, तर ड्यूटी-रूमचे काढा. किती खाटा, किती माणसं, कडी आतून लागते का, पंखा चालतो का. आणि योगवर्ग जरूर ठेवा, पण ऐच्छिक, आणि ड्यूटीहून सुटलेल्या माणसासाठी कधीच सकाळी सातला नाही.