लाकडाची ओळख

हैदराबादेत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथील नल्लकुंट्यासारख्या वस्तीत एखादे जुने घर उतरविले, म्हणजे दारे, चौकटी व तुळया विक्रीस निघतात. आणि विकणारा बहुधा प्रत्येक फळीस ‘अस्सल साग’ म्हणतो. आपल्या खेड्यांतही याहून निराळे घडत नाही. मुलीच्या लग्नाचे कपाट असो वा घरावरचे नवे आढे, कष्टाचा पैसा लाकडात जातो. लाकूड कच्चे निघाले, तर थोड्याच पावसाळ्यांत वाळवी त्याचा निकाल लावते. म्हणून अनोळखी लाकूड पारखण्याची रीत प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावी.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी : केवळ रंगावर विसंबू नये. ऊन, धूर व तेल यांनी रंग पालटतो, आणि तो मुद्दाम चढविताही येतो. फळीचे टोक धारदार सुरीने आडवे, स्वच्छ तासावे, किंचित ओले करावे आणि दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावे. सागाच्या छेदात मोठी छिद्रे वर्षकड्यांच्या आरंभी ओळीने बसलेली दिसतात. हातास तो मेणचट लागतो व ताज्या तासणीस जुन्या चामड्यासारखा वास येतो. आंब्याची छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात. देवदारात अशी छिद्रे मुळीच नसतात. ताडाच्या खोडात तर वर्षकड्याही नाहीत. तेथे तंतूंचे काळपट ठिपके तेवढे दिसतात. मात्र अस्सल सागाचेही बाहेरचे फिके लाकूड टिकाऊ नसते. टिकतो तो आतला गाभा. म्हणून साग ओळखून थांबू नये. फळीत गाभा किती, हेही पाहावे.

ओंडक्यावर साल शिल्लक असेल, तर काम सोपे होते. ऐन आणि अर्जुन हे एकाच कुळातले वृक्ष. परंतु ऐनाची साल मगरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी भेगांची, तर अर्जुनाची गुळगुळीत, करडी-पांढरी व खपल्यांनी सुटणारी. बिवळ्याच्या सालीस घाव घातला, की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. त्याच्या लाकडाचा तुकडा पाण्यात ठेवला, तर पाण्यावर निळसर झाक येते. त्याचाच भाऊबंद रक्तचंदन. तो इतका जड, की बहुधा पाण्यात बुडतो. तथापि बुडणारी इतरही लाकडे आहेत. तेव्हा एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. रक्तचंदनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1995 पासून निर्बंध आहेत. अज्ञानाने घेतलेला ओंडकाही मनुष्यास संकटात टाकू शकतो.

सालीची पारख केवळ सुताराच्याच उपयोगाची नव्हे. नल्लकुंट्यात तापाच्या रोग्यांसाठी प्रसिद्ध असलेले सरकारी रुग्णालय आहे. त्यास सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी जवळच्याच सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्या तापावर जगाला प्रथम औषध मिळाले, ते सिंकोना वृक्षाच्या सालीचे. सतराव्या शतकात येशूसंघीय मिशनरींनी ती दक्षिण अमेरिकेतून युरोपात नेण्यास हातभार लावला. म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ असेही नाव पडले. सिंकोनाच्या सर्व जातींत सारखा गुण नव्हता, आणि बाजारात तिच्यात निराळ्या साली मिसळल्या जात. पुढे 1820 मध्ये त्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यात आले. तोवर पारख चुकली, तर औषध वाया जाई आणि रोगी तापातच राही.

आजही ही सावधगिरी सुटलेली नाही. हगवणीवर वापरावयाच्या पांढऱ्या कुड्याच्या सालीऐवजी काळ्या कुड्याची साल, आणि सीता-अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या उंच, सरळ आसुपालवाची साल विकली जाते. चूर्ण झाले, की डोळ्यांस फरक कळत नाही. म्हणून अशी औषधे जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

संशय उरलाच, तर शासकीय संस्था आहेत. देहरादूनची वनसंशोधन संस्था 1906 पासून कार्य करीत आहे; बंगळूर येथेही काष्ठविज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. तेथील तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ठरवितात. मोठी खरेदी करण्यापूर्वी गाभ्याचा लहानसा तुकडा तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

सर्व लाकडे साग नसतात, आणि असावयासही नकोत. तेलंगणातील निर्मळची रंगीत खेळणी हलक्या, मऊ पोनिकीची असतात. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी परंपरेने काळ्या कुड्याची. ज्या पोनिकीची चौकट टिकली नसती, तिच्यातून लहानग्यांच्या हाती सुबक पक्षी येतात. लाकडाची ओळख पटली, की कोणतेही लाकूड टाकाऊ राहत नाही. फक्त त्यास साजेसे काम द्यावे लागते.