तरुणांचें ताट व लोकांचे डोळे

गेल्या मे महिन्यांत मालवणानजीकच्या एका परिचित घरीं आम्ही सकाळीं दहाच्या सुमारास गेलों असतां चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेचा टोप रटरटत होता. आमची चाहूल लागतांच घरधनिणीनें त्यावर झांकण ठेवलें, आणि बिस्किटें, शेव व थंड पेयाचे पेले आमच्यापुढें आणून मांडले. आम्हांस पेजच हवी आहे असें सांगतांच ती संकोचानें म्हणाली, "पावण्यांका पेज कशी वाढूची? लोक काय म्हणतले?" मुंबईस शिकणारा तिचा वीस वर्षांचा मुलगा शेजारीं बसून पुड्यांतली शेव खात होता. पेजेकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें त्या माउलीच्या प्रश्नांत सर्व आलें आहे. तरुणांनीं काय खावें आणि शरीर कसें राबवावें हें त्यांची जीभ ठरवीत नाहीं, खिसाही ठरवीत नाहीं. तें बव्हंशीं लोकांचे डोळे ठरवितात.

हा विषय किरकोळ आहे असें कोणीं समजूं नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या १०.१ कोटि, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटि अंदाजिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते कीं, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत वाजवीपेक्षां अधिक वजन असणाऱ्यांचें प्रमाण २०१५-१६ मध्यें शेंकडा २०.६ होतें, तें २०१९-२१ मध्यें २४ झालें. पुरुषांत तें १८.९ वरून २२.९ वर गेलें. वैद्याचें बिल चाळिशींत येतें हें खरें. परंतु त्या खात्यावरची पहिली उधारी विशींतच पडलेली असते, हें आमच्या व्यापारी वाचकांस वेगळें सांगावयास नको.

मनुष्य संगतीनें घडतो, ही गोष्ट आमच्या लोकांस नवी नाहीं. तिला आतां मोजमापाचाही आधार मिळाला आहे. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणींत १९७१ पासून २००३ पर्यंतच्या १२,०६७ माणसांच्या नोंदी तपासून ख्रिस्ताकिस व फाउलर या संशोधकांनीं २००७ मध्यें असें दाखविलें कीं, एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याचा संभव शेंकडा ५७ नें वाढतो. भावंडाच्या बाबतींत ही वाढ ४० व पति-पत्नींमध्यें ३७ आढळली. नुसत्या शेजाऱ्याचा मात्र असा परिणाम दिसला नाहीं. हें अनुकरणाचें फळ कीं समानशीलांच्या मैत्रीचें, याविषयीं पुढें पंडितांत वाद झाला. तो वाद पंडितांनीं मिटवावा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यापेक्षां ज्याच्या मताची आपण किंमत करतों तोच आपलें ताट वाढतो, एवढा बोध आम्हांस पुरे आहे.

आतां आपल्या किनाऱ्याकडे पाहूं. येथील पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, बांगडा व तारली यांस कोणता दोष लागला आहे? दोष एकच, तें गरिबाचें खाणें ठरलें आहे. वस्तुतः तांदूळ कोंड्यासकट उकडल्यानें वरच्या पापुद्र्यांतील जीवनसत्त्वाचा अंश आंत दाण्यांत मुरतो, व मागाहून कांडला तरी तो सर्वस्वीं नाहींसा होत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मलायांत पांढरा सडीक तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीनें मरत असतां उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर त्या रोगापासून बव्हंशीं मुक्त राहिले. याच रोगाच्या शोधाबद्दल डच वैद्य आइकमान यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदळांत त्याचा अगदींच अल्प अंश असतो. वरकस जमिनीवरची ती नाचणी आम्हीं हलकी म्हणून टाकली. आणि २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून जगभर साजरें होऊन सरकारनें त्यांस 'श्री अन्न' हें नांव देतांच तिचींच बिस्किटें रंगीत वेष्टनांतून दामदुपटीनें आमच्या घरीं आलीं! व्यायामशाळेंत जाणारा तरुण मोबाईलवरील चित्रें पाहून प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकत घेतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वस्त तारली माशांच्या खाद्यासाठीं कारखान्यांत दळली जाते. पेज म्हणजे अमृत होय असा आमचा दावा नाहीं. भात कोणत्याही रूपांत अतोनात खाल्ला तर अपायच करील. परंतु पेजेबरोबर कुळीथ, मासळी व भाजी असें जें आमचें जुनें जेवण, तें लाज वाटण्याजोगें खास नव्हे.

जी गत अन्नाची, तीच श्रमाची. रापणीचे दोर दोन्ही बाजूंनीं धरून गांवचे तरुण पुळणीवर जाळें ओढीत, आणि ओढणाऱ्यास मासळीचा वांटा मिळे. यांत्रिक नौका आल्या, रापणी कमी झाल्या. त्या कष्टांचे आम्ही गोडवे गात नाहीं. त्यांच्यामागें उपासमार होती, आणि बायकांच्या डोक्यावरील ओझीं होतीं. तीं गेलीं तर आनंदच आहे. परंतु पायीं चालणें हेंच दारिद्र्याचें लक्षण मानून जो तरुण हांकेच्या अंतरावरील दुकानांत दुचाकीवरून जातो, त्यानें कष्टांबरोबर आपले पायही टाकून दिले असें म्हणावें लागतें.

कोंकण विभागाचा शालान्त परीक्षेचा निकाल गेलीं कित्येक वर्षें राज्यांत वरचढ लागतो, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. पण ज्या घरीं गुणपत्रिका भिंतीवर लागते, त्या घरीं मुलगा दोन जिने चढून धापा टाकतो याची कोणी नोंद ठेवतो काय? याच कोंकणांत, रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालवून परीक्षेंतील अपयश हंसत पदरीं घेतलें. लोकांच्या हंसण्यास न जुमानण्याचें तें धैर्य लाखांत एकास असतें. उरलेल्या सर्वांस सोबत लागते. ती मिळावी म्हणूनच व्यायामसंस्था निघाल्या. अमरावतीस १९१४ मध्यें निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ दाखवून आलें. एकट्याच्या निश्चयास जें जड जातें, तें मंडळींत सहज होतें.

लोकांच्या डोळ्यांचा सर्वांत जड भार आमच्या मुलींवर आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतांत पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे पुरुष शेंकडा ४२ आहेत, तर स्त्रिया ५७ आहेत. याला आळस म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. मुलगा पुळणीवर धांवला तर तो खेळाडू. नवी सून धांवूं लागली तर तिच्या सासूस दहा घरीं उत्तरें द्यावीं लागतात. तीच सून सर्वांच्या मागून जेवते, आणि तेव्हां टोपांत मासळी नसून नुसता सार उरलेला असतो. जिच्या पोटीं पुढची पिढी यावयाची तिला उरलेंसुरलें घालावयाचें आणि मग मुलें अशक्त कां म्हणून विचारावयाचें, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, खाणेंपिणें ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. त्यांत समाजानें कां पडावें? आमचें उत्तर असें कीं, समाज त्यांत केव्हांच पडला आहे. प्रश्न एवढाच कीं, त्यानें तरुणांस खालीं ओढावें कीं वर काढावें. उपाय खर्चाचे नाहींत. वडीलधाऱ्यांनीं उपदेश आंखडता घ्यावा आणि पाहुण्यांच्या पंक्तींत स्वतः पेज मागून घ्यावी. सुनेस व लेकीस आपल्याबरोबर जेवावयास बसवावें. दुकानदारांनीं उकडा तांदूळ, नाचणी व कुळीथ हीं मागच्या पोत्यांतून काढून पुढच्या फळीवर मांडावीं. धंदा बुडवा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गिऱ्हाइकाची नजर प्रथम कशावर पडावी हें दुकानदाराच्याच हातीं असतें. खानावळवाल्यांनीं सुरमईच्या थाळीबरोबर सकाळच्या पेजेचेंही नांव फळ्यावर लिहावें. परगांवचा प्रवासी जी वस्तु दाम मोजून खातो, तिची लाज घरच्या मुलास फार दिवस वाटणार नाहीं. उत्सवमंडळांनीं वर्गणीचा कांहीं भाग कबड्डीच्या मैदानास द्यावा, मुलींसाठीं तेथें ठराविक वेळ राखावी, आणि सामना संपल्यावर गोव्याकडच्या स्वस्त दारूची जी मेजवानी झडते तिला उघड नकार द्यावा. मंडळाच्या अध्यक्षानें एकदां पेला बाजूस सारला, तर दहा व्याख्यानांचें काम होईल.

असो. ज्या लोकलज्जेनें त्या घरीं पेजेवर झांकण घातलें, तीच लोकलज्जा तें काढूंही शकेल. कारण लोक म्हणजे कोणी परके नव्हेत, तुम्ही-आम्हीच. त्या दिवशीं आम्हीं हट्टानें पेज मागून घेतली, आणि खोबऱ्याच्या कातळीबरोबर आम्ही ती जेवूं लागलों. आम्हांस पाहून थोड्या वेळानें त्या मुलानेंही शेवेचा पुडा बाजूस ठेवून आपली वाटी पुढें केली. त्यास कोणीं एक शब्दही सांगितला नव्हता.