ओस फलाटाचा हिशेब

जपानच्या उत्तरेस असलेल्या होक्काइदो बेटावर क्यू-शिराताकी नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक होते. तेथे ना स्टेशनमास्तर, ना तिकीट-खिडकी. एक लाकडी निवारा, एक फलाट आणि दिवसाकाठी मोजक्या गाड्या. २०१६ च्या जानेवारीत या स्थानकाची कथा जगभर गाजली. एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने हे स्थानक चालू ठेवले असून तिचे शिक्षण संपताच ते बंद होणार, अशी ती कथा. २६ मार्च २०१६ रोजी स्थानक बंद झाले, हे खरे. परंतु जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि रेल्वेचे नवे वेळापत्रकही मार्चमध्येच लागू होते. बंद करण्याचे कारण प्रवाशांचा अभाव हेच होते; शेजारची कामी-शिराताकी व शिमो-शिराताकी ही स्थानकेही त्याच वेळी बंद झाली. योगायोगाला करुणेचे रूप देऊन जगाने समाधान मानले आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला.

त्या प्रश्नाचा उगम १९८७ मध्ये आहे. त्या वर्षी १ एप्रिलला जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या व एक मालवाहतूक कंपनी अस्तित्वात आली. होन्शूवरील कंपन्यांच्या वाट्याला दाट वस्तीची महानगरे आली. होक्काइदोच्या वाट्याला विरळ वस्ती, लांब अंतरे आणि बर्फ. येथे तोटा अटळ आहे, हे सरकारही जाणून होते. म्हणून या कंपनीस सुमारे ६८२ अब्ज येनचा निधी देण्यात आला. त्याच्या व्याजातून तूट भरून काढावी, अशी ही योजना होती. व्याजाचा दर सात टक्क्यांहून अधिक धरला होता. पुढे जपानमधील व्याजदर शून्याच्या आसपास घसरले आणि योजनेचा पायाच खचला. गावे ओस पडत होती, ती वेगळीच. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की सुमारे १,२३७ किलोमीटरचे, म्हणजे एकूण जाळ्याच्या जवळजवळ निम्मे मार्ग केवळ स्वबळावर चालविणे तिला शक्य नाही.

येथे दोष केवळ कंपनीचा मानता येणार नाही. सार्वजनिक सेवेची जबाबदारी शासनाने एकदा रक्कम देऊन बाजारातील व्याजदराच्या हवाली केली, ही खरी चूक होय. दर घसरले तेव्हा त्याचा भार, ज्यांचा त्या निर्णयाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा खेड्यांवर पडला.

याच बेटावरील कोबोरो स्थानक बोगद्यांच्या मधोमध, निर्जन जागी आहे. तेही बंद व्हायचे होते. परंतु तोयोउरा नगर प्रशासनाने देखभालीचा भार उचलला आणि ते वाचले. हा पुढाकार स्तुत्य खरा. पण ते वाचले ते दुर्गम स्थानके पाहण्यास येणाऱ्या हौशी प्रवाशांमुळे. प्रेक्षणीय स्थानक टिकावे आणि जेथून केवळ विद्यार्थी व वृद्ध रुग्ण ये-जा करतात ते मिटावे, हा न्याय म्हणता येईल काय?

प्रत्येक फलाट कायम ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. चार प्रवाशांसाठी बस अधिक सोयीची व स्वस्त असू शकते. परंतु रूळ उखडण्यापूर्वी ती बस नियमित धावली पाहिजे आणि तिचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात उघडपणे मांडला गेला पाहिजे. नागरिकाच्या शाळेची व दवाखान्याची वाट व्याजाच्या चढउतारावर सोडून देण्याचा अधिकार कोणत्याही शासनास नाही.