मुलाच्या हातची वाघीण

आमच्या शाळेंत शनिवारीं दुपारीं जो छंदवर्ग भरतो, त्यांत गेलीं कांहीं वर्षें छोट्या प्रमाणाच्या रेल्वेगाड्या जुळविण्याचें काम चालतें, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. या कामाविषयीं पालकवर्गाकडून दोन तऱ्हेचीं मतें आमच्या कानीं येतात. कोणी म्हणतात, हा निव्वळ खेळ आहे, आणि परीक्षा तोंडावर आली असतां मुलास खेळांत गुंतविणें शिक्षकास शोभत नाहीं. दुसरे म्हणतात, हें उत्तम शिक्षण आहे. आणि म्हणून ते स्वतः रात्रीं बसून मुलाचा संच जुळवून देतात. पहिल्या पक्षाशीं आमचा वाद फारसा नाहीं. परीक्षेच्या महिन्यांत त्या खोलीस कुलूप असतें. वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशीं, म्हणजे आमच्या स्नेह्यांशींच. आणि तो मांडतांना आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

ज्यांनीं असा संच पाहिला नसेल त्यांच्याकरितां आधीं थोडें सांगतों. आमचीं मुलें बहुधा ज्या संचापासून आरंभ करितात, तो इंग्लंडांतील १६ टनी कोळशाच्या वाघिणीचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर त्या देशांत अशा उघड्या लोखंडी वाघिणी लाखांच्या संख्येनें बांधल्या गेल्या. आतां त्या तेथील मालवाहतुकींतून गेल्या, पण प्लॅस्टिकच्या संचाच्या रूपानें टेबलावर राहिल्या आहेत. खऱ्या वाघिणीची लांबी १६ फूट ६ इंच. एका फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण धरलें म्हणजे ती ६६ मिलिमीटर होते. मुलाच्या बोटाएवढी म्हणा ना. डबींत चौकटीला जोडलेले सुटे भाग असतात. ते पिळून मोडावयाचे नाहींत; धारदार चाकूनें कापावयाचे, कापल्या जागीं उरलेला कंगोरा कानशीनें घासावयाचा, आणि मग प्लॅस्टिक विरघळविणाऱ्या पातळ द्रवाचा थेंब कुंचल्यानें सांध्यास लावावयाचा. हा द्रव डिंकासारखा नुसता चिकटवीत नाहीं. दोन्ही कडा क्षणभर मऊ करून त्या एकजीव करितो. त्यामुळें एकदां चुकून सुकलेलें सोडविणें कठीण.

सारी मेख आहे ती चाकांपाशीं. आंसाचीं टोकें सुईसारखीं निमुळतीं असतात व तीं दोन बाजूंच्या बारीक खळग्यांत टेंकतात. या बाजू एकमेकींस समांतर नसल्या, तर चाक एक तर आवळतें, नाहीं तर गळून पडतें. दोन्ही आंस एका पातळींत नसले, तर चार चाकांपैकीं तीनच रुळास लागतात, आणि सरळ रुळावर निमूटपणें जाणारी वाघीण सांधा आला कीं घसरते. डोळ्यांनीं पाहून हा दोष कळत नाहीं. वाघीण काचेच्या तुकड्यावर ठेवून कोपऱ्यावर बोट टेंकावें. एक पाय आंखूड असलेल्या चौरंगासारखी ती डुगडुगते. सांधे ओले असतांच ती काचेवर ठेवून हलका भार दिला, तर दोष जातो. सुकल्यावर कापण्यावांचून गत्यंतर नसतें. शिवाय ही वस्तु इतकी हलकी कीं आंत वजन घालावें लागतें. दर आंसास २५ ग्रॅम हा अनुभवी लोकांचा साधारण नियम, म्हणजे या वाघिणीस सुमारें ५० ग्रॅम. मुलें चाकीचे जुने नट आंत बसवितात.

आतां ती चूक. कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें सहा शनिवार खपून अशी एक वाघीण पुरी केली. वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं ती प्रत्येक वेळीं एकाच सांध्यावर घसरूं लागली. त्यानें ती काचेवर ठेवून पाहिली, एक कोपरा उचललेला दिसला, आणि तो बराच वेळ तिच्याकडे नुसता पाहत बसला. अंधार पडला तेव्हां आम्हीं त्यास घरीं पाठविलें. नंतर दिव्याखालीं बसून आम्हीं त्याचा एक सांधा पात्यानें कापला, बाजू सरळ केली, पुन्हां जोडली. अर्ध्या तासाचें काम. दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांसमोर वाघीण सांध्यांवरून सुरेख गेली, लोकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि आम्हांस मोठें समाधान वाटलें. मुलानें मात्र गर्दी ओसरल्यावर ती उचलून काचेवर ठेविली, चारही कोपऱ्यांवर एकेक बोट टेंकून पाहिलें, आणि तो म्हणाला, “सर, ही माझी नाहीं.” तिच्यापुढें ठेवलेली स्वतःच्या नांवाची चिठ्ठी त्यानें खिशांत घातली. पुढल्या शनिवारीं तो आला नाहीं. त्याच्या पुढल्याही नाहीं. आम्हीं त्याच्यापाशीं चूक कबूल केली. त्यानें ती नम्रपणें ऐकून घेतली, परंतु वाघीण नेली नाहीं. ती अद्याप आमच्या कपाटांत आहे.

मुलगा हट्टी होता, असें कोणी म्हणेल. असेल. परंतु त्या सायंकाळीं तो जें नुसतें पाहत बसला होता, तेंच खरें काम होतें, हें आम्हांस उशिरां उमजलें. कोणती बाजू कलली, ती केव्हां कलली, आपण काय घाई केली, याचा माग त्याचा तोच काढीत होता. आणखी एक शनिवार मिळता तर तो त्यास लागता. तो शनिवार आम्हीं अर्ध्या तासांत खाऊन टाकला, आणि वर टाळ्याही घेतल्या.

हेंच घरोघर घडतें. एका मातेनें आम्हांस हंसत सांगितलें कीं संच आणला मुलाच्या वाढदिवसाचा, दिवा जळला रात्रीं दोनपर्यंत वडिलांचा, आणि मुलगा केव्हांच झोपीं गेला होता. वडिलांच्या या हौसेची आम्ही थट्टा करीत नाहीं. त्यांनीं आपल्यासाठीं निराळा संच आणावा, शनिवारीं त्यांसही आम्ही खुर्ची देऊं. पण मुलाची वस्तु “नीट” व्हावी म्हणून तींत हात घालणें, हा निराळा प्रकार आहे.

कारण “नीट” म्हणजे काय, हें थोरांच्या रेल्वेंतही ठरलेलें नाहीं. ज्या रुळांवर आमची वाघीण धांवते, त्यांच्यामधील अंतर १६.५ मिलिमीटर. यूरोपांत प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणानें तें खऱ्या १४३५ मिलिमीटर गेजशीं तंतोतंत जुळतें. परंतु इंग्लंडांतील इंजिनें अंगानें लहान. तितक्या प्रमाणांत त्या काळची मोटर त्यांच्या पोटांत मावेना. तेव्हां तेथील कारागिरांनीं इंजिनाचें अंग फुटास ४ मिलिमीटर या मापानें वाढविलें आणि रूळ होते तेच ठेविले. हिशेबानें त्यांस १८.८३ मिलिमीटर हवे होते! ही तडजोड आज शंभर वर्षें सुखानें नांदत आहे. आमच्याच एका विद्यार्थ्यानें पट्टी घेऊन पुढचा हिशेब केला: आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे तिचे रूळ या प्रमाणांत २२ मिलिमीटर अंतरावर पाहिजेत. म्हणून आपल्याकडील गाडीचा डबा त्या १६.५ च्या रुळांवर ठेविला कीं स्थूल गृहस्थ अरुंद बांकावर बसल्यासारखा दिसतो. हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. त्याला डबा “कसासाच” दिसला, आणि तो पट्टी आणावयास गेला.

यांत आपणांस परकें असें कांहीं नाहीं. दिवाळींत अंगणांत किल्ला कोण करीत असे? विटा व दगड रचून, वर गोणपाट टाकून, चिखलानें लिंपून, अळीव पेरून हिरवळ आणणारीं तीं मुलें आज पालक झालीं आहेत. त्यांच्या किल्ल्याच्या दारापेक्षां दाराशीं उभा मावळा उंच असे, आणि त्यावरून कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. आतां प्लॅस्टरचे तयार किल्ले विकत मिळतात. ते सुबकही असतात. पण तयार किल्ल्याभोंवतीं मुलें दोन घटकाही बसलेलीं आम्हीं पाहिलीं नाहींत. रेल्वेच्या मांडणींतील डोंगर हा त्याच किल्ल्याचा भाऊ. विटांऐवजीं तारेची जाळी, चिखलाऐवजीं प्लॅस्टरांत भिजविलेली कापडाची पट्टी. फरक एवढाच कीं येथें मावळ्याची उंची मोजावी लागते: साडेपांच फुटांचा मनुष्य २२ मिलिमीटर.

पुण्यांत कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेंचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तसें कांहीं पाहून आलेल्या मुलास घरीं सबंध शहरच उभें करावयाचें असतें, आणि पालक खर्चाच्या व जागेच्या भीतीनें तो विषयच बंद करितात. येथें थोडें गणित दोघांच्याही उपयोगी पडेल. १८५३ सालीं पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली तें अंतर ३४ किलोमीटर. आमच्या प्रमाणानें तें ४४६ मीटर होईल. इतकें घर कोणाचेंच नाहीं. बोरघाटांतील चढ ३७ स एक. त्याच चढानें एक रूळ दुसऱ्यावरून न्यावयास सात सेंटिमीटर उंची गांठतां गांठतां अडीच मीटरांहून अधिक लांबी जाते. तेव्हां पुष्कळ वगळावें लागतें, आणि काय वगळावें हें मुलानेंच ठरवावें.

आमची सूचना अशी कीं चार-पांच फूट लांब व एक फूट रुंद अशी एक फळी घ्यावी. अ‍ॅलन राइट या इंग्रज हौशी कारागिरानें योजिलेला एक खेळ तीवर सहज मावतो. दोन सांधे, तीन फांटे. एका फांट्यावर पांच वाघिणी मावतात, इतर दोहोंवर तीन-तीन. एकंदर आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पांच निवडावयाच्या आणि इंजिनाच्या मागेंपुढें होण्यानें त्या नेमक्या त्याच क्रमानें लावावयाच्या. असे क्रम ६७२० होतात. यास शहर लागत नाहीं, डोंगर लागत नाहीं, आणि वाघिणी एकेक करून, सवडीप्रमाणें, वर्षभर जुळवितां येतात.

मग थोरांस कांहींच काम नाहीं काय? आहे. चाकूची धार अंगाकडे येऊं नये हें पाहणें. तो द्रव वापरतांना खिडकी उघडी ठेवणें, कारण त्याची वाफ चांगली नव्हे. आणि जवळ बसून रहाणें. हें शेवटचें काम सर्वांत कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों. वांकडी बाजू समोर सुकत असतां हात मांडीखालीं दाबून बसावें लागतें.

यंदाच्या प्रदर्शनांत गाड्यांच्या टेबलाशेजारीं काचेचा एक तुकडा मांडून ठेविला जाईल. ज्यांच्या वाघिणी डुगडुगतात त्याही मांडल्या जातील, आणि घसरल्या तर ज्याची त्यानें उचलून पुन्हां रुळावर ठेवावयाची आहे. पाहुण्यांनीं कृपा करून हात लावूं नये. कपाटांतील जुनी वाघीण आम्ही त्याच टेबलाच्या टोकाला, चिठ्ठीवांचून, ठेवणार आहों.